वाचकांचे प्रश्न : रंजक माहिती पुढे पाठवण्याआधी

प्रश्न : आमच्या ग्रुपवर रोज कोणीतरी कुठल्या तरी विषयावरची एखादी गमतीशीर माहिती टाकतं. ‘शुक्रावरचा दिवस तिथल्या वर्षापेक्षा मोठा असतो’ असं मी टाकलं, तर एकाने ‘चूक, तो पृथ्वीच्या ११७ दिवसांएवढाच असतो’ असं सुनावलं. बरोबर कोण?

उत्तर : दोघंही. घोळ आहे तो ‘दिवस’ कशाला म्हणायचं यात. शुक्राला स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करायला पृथ्वीवरचे सुमारे २४३ दिवस लागतात आणि सूर्याभोवतीची फेरी साधारण २२५ दिवसांत होते. या हिशेबाने तुमचं वाक्य खरं आहे. पण शुक्राची गिरकी उलटी आहे. सूर्याभोवती तो ज्या दिशेने जातो, तिच्या विरुद्ध. त्यामुळे तिथे सूर्य पश्चिमेला उगवतो, आणि दोन्ही गतींचा परिणाम एकमेकांत मिळवला जाऊन पुढचा सूर्योदय लवकर येतो. ताडून पाहायचं असेल तर १ भागिले २४३ आणि १ भागिले २२५ यांची बेरीज करा आणि त्या बेरजेने १ ला भागा. उत्तर ११७ च्या आसपास येतं.

‘शुक्राला सूर्याभोवती फिरण्यापेक्षा स्वतःभोवती फिरायला जास्त वेळ लागतो’ असं लिहिलं असतं, तर वादाला जागाच उरली नसती. माहिती चटपटीत करताना सगळ्यात आधी कात्री लागते ती तिच्यातल्या अटीला, आणि अट गेली की खरी गोष्टही अर्धवट होते. ‘एव्हरेस्ट सर्वांत उंच’ हेसुद्धा समुद्रसपाटीपासून मोजलं तरच (८,८४८.८६ मीटर). पृथ्वीच्या केंद्रापासून सर्वांत दूर असलेलं शिखर इक्वेडोरमधलं चिम्बोराझो. त्याची उंची जेमतेम ६,२६३ मीटर, पण ते विषुववृत्ताजवळ आहे, आणि पृथ्वी तिथे फुगीर आहे : ध्रुवाकडच्या त्रिज्येपेक्षा विषुववृत्ताकडची त्रिज्या सुमारे २१ किलोमीटरने जास्त भरते.

प्रश्न : चीनची भिंत चंद्रावरून दिसते, हे लहानपणापासून वाचत आलो. खरं का?

उत्तर : नाही. अशा दाव्यांना बहुतेकदा कागद-पेन्सिल पुरते. निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाइतका कोन वेगळा ओळखता येतो. म्हणजे एक मीटरची वस्तू सुमारे ३.४ किलोमीटरवरून जेमतेम ओळखू येते. चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे. तिथून ठिपक्याएवढं दिसायलाही वस्तू शंभराहून अधिक किलोमीटर रुंद हवी. भिंतीची रुंदी बहुतेक ठिकाणी दहा मीटरसुद्धा नाही.

‘पण ती हजारो किलोमीटर लांब आहे की!’ ही शंका रास्त आहे. लांब, बारीक रेघ या मर्यादेच्या खालीही डोळ्याला कळू शकते, पण त्यासाठी ती आजूबाजूपेक्षा ठळक वेगळ्या रंगाची लागते. भिंतीचे दगड-माती भोवतालच्या डोंगरांच्याच रंगाचे आहेत. २००३ मध्ये अंतराळात गेलेले चीनचे पहिले अंतराळवीर यांग लिवेई यांनीही भिंत दिसली नाही असंच सांगितलं, आणि ते चंद्रापेक्षा कितीतरी जवळ, पृथ्वीलगतच्या कक्षेत होते.

प्रश्न : मी विकिपीडियावर ‘अविशिष्ट लेख’ दाबून जे पान उघडेल त्यातली एक गोष्ट रोज पाठवते. पाठवण्याआधी तपासायचं ते नेमकं कसं?

उत्तर : सवय छान आहे. ज्या वाक्यातली माहिती घ्यायची, त्याच्या शेवटी संदर्भाचा छोटा आकडा आहे का ते आधी पाहा. नसेल तर ते वाक्य सोडून द्या, त्याच पानावर दुसरं मिळेल. आकडा असेल तर मूळ मजकूर उघडून तोच दावा तिथे आहे का ते वाचा. पुष्कळदा मुळात ‘काही प्रजातींमध्ये’ असं असतं आणि लेखात ‘सर्व’ झालेलं असतं.

यापुढची पायरी सहसा कोणी चढत नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. पानाचा ‘इतिहास’ उघडा, वाक्य कधी घातलं गेलं ते शोधा आणि संदर्भाची तारीख त्याच्या आधीची आहे ना, ते बघा. २००८ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर कोआटी या प्राण्याच्या लेखात कुणीतरी ‘याला ब्राझिलियन आर्डवार्क असंही म्हणतात’ असं मनचं घालून दिलं. कोआटी रॅकूनच्या कुळातला, आर्डवार्क आफ्रिकेतला. दोघांचा काही संबंध नाही. तरी ते नाव वृत्तपत्रांत गेलं, आणि मग तीच वृत्तपत्रं त्या वाक्याचा पुरावा म्हणून लेखाखाली येऊन बसली. संदर्भ होता, पण तो वाक्यानंतर जन्मला होता. दोन संकेतस्थळांवर शब्दन्‌शब्द सारखा मजकूर दिसला, तर त्यांनाही एकच साक्षीदार धरा.

आकडा असेल तर सोबत वर्ष लिहा. मार्च २०२५ मध्ये शनीच्या १२८ नव्या उपग्रहांना एकदम मान्यता मिळाली आणि त्यांची संख्या २७४ झाली. जुने संदेश मात्र जुन्या आकड्यांसह फिरतच असतात.

प्रश्न : दशांशचिन्हाच्या चुकीमुळे पालकात दहापट लोह असल्याचा समज पसरला, असं कळलं. हे पाठवू का?

उत्तर : नका पाठवू. १९८१ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातल्या लेखामुळे ही गोष्ट सर्वदूर झाली, पण पुढे जुने कागद तपासले तेव्हा दशांशचिन्ह चुकल्याचा पुरावाच मिळाला नाही. गैरसमज खोडणारी माहिती आपल्याला लगेच पटते, म्हणून ती जास्त कसून तपासावी. पाठवायचंच असेल तर हे पाठवा : १०० ग्रॅम कच्च्या पालकात सुमारे २.७ मिलिग्रॅम लोह असतं, पण त्यातलं थोडंच शरीरात शोषलं जातं.

प्रश्न : विकिपीडियातला परिच्छेद जसाच्या तसा उचलला तर चालतो का?

उत्तर : चालतो, पण लेखाचं नाव आणि दुवा द्यावा लागतो, परवान्याचा उल्लेख करावा लागतो, मजकुरात फेरफार केला असेल तर तसं सांगावं लागतं आणि तो बदललेला मजकूर त्याच परवान्याखाली खुला ठेवावा लागतो. नुसत्या तथ्यावर कोणाची मालकी नसते. ते आपल्या शब्दांत लिहिलं तर ही अट लागू होत नाही. चित्रांचं मात्र वेगळं आहे. प्रत्येक चित्राचा परवाना निराळा असू शकतो, तेव्हा चित्रावर टिचकी मारून त्याच्या पानावरचा तपशील वाचल्याशिवाय ते पुढे पाठवू नका.