वजन आधीच जास्त आहे, गरोदरपणात डाएट करू का?

उंची पाच फूट दोन इंच, दिवस राहण्याआधीचं वजन ७६ किलो, आता तिसरा महिना. डॉक्टर म्हणतात वजन सांभाळा, सासूबाई म्हणतात दोन जिवांचं खा. मग डाएट करू का, असं तुम्ही विचारलंय. पहिल्या खेपेला माझंही साधारण असंच होतं, म्हणून लिहिते.

आत्ता वजन उतरवायच्या मागे लागू नका. उपाशी राहणं, रात्रीचं जेवण सोडणं, कीटो (भात-भाकरी जवळजवळ बंद करणारं डाएट), वजन उतरवायची इंजेक्शनं, यातलं काहीही नको. सांभाळायचा आहे तो वाढण्याचा वेग. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, ३० च्या थोडा वर जातो. अशा बाईचं वजन नऊ महिन्यांत मिळून ५ ते ९ किलो वाढावं, असं अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ मध्ये सांगितलं (जुळं असेल तर हिशोब वेगळा). आकडा बघून बाळाला कमी पडेल अशी भीती वाटते, मलाही वाटली होती. पण बाळाच्या वाढीला लागणारी बरीचशी शिदोरी तुमच्या अंगात आधीच आहे.

आता दोन जिवांचं. पहिल्या तीन महिन्यांत जादा खाण्याची गरज जवळजवळ नसतेच. नंतर दिवसाला साधारण ३५० कॅलरी जास्त, म्हणजे एक ज्वारीची भाकरी, वाटीभर मुगाची उसळ आणि ग्लासभर ताक. बस, एवढंच! माझं वजन जेवणाने वाढत नव्हतं. मळमळतं म्हणून दिवसभर चालणारे टोस्ट-बिस्किटं, कुणीतरी प्रेमाने आणलेला शिरा, फळांचे रस, हे सगळं नकळत पोटात जात होतं. मी हाताशी फुटाणे ठेवले, रसाऐवजी अख्खं फळ खाल्लं, ताटात आधी कोशिंबीर आणि उसळ घेतली, भात शेवटी आणि थोडा. डिंकाचे लाडू बाळंतपणानंतर सावकाश खा.

डॉक्टरांची ना नसेल तर आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास चाला, बोलता येईल इतक्याच वेगाने.

साखरेची तपासणी मात्र अजिबात टाळू नका. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात, १४० किंवा जास्त आलं तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. ही तपासणी पहिल्या भेटीतच करायची आणि ठीक आली तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. वजन जास्त असलं की बीपी वाढण्याचा धोकाही असतो, म्हणून प्रत्येक भेटीत बीपी मोजून घ्या. चेहरा-हात एकदम सुजले, आठवड्यात वजन झपकन वाढलं, डोकं ठणकायला लागलं किंवा डोळ्यांपुढे अंधुक झालं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

आणि पुढच्या तपासणीला सासूबाईंना बरोबर घेऊन जा. किती वाढलेलं चालेल, हे डॉक्टरांनी त्यांच्यासमोरच सांगू दे. आमच्याकडे त्यानंतर शिऱ्याऐवजी उसळीची वाटी पुढे यायला लागली.