लंडन-ब्रिस्टल रेल्वेचं तिकीट तुकड्यांत काढलं तर स्वस्त पडतं म्हणतात. हे नियमात बसतं का?

हो, बसतं. ब्रिटनमध्ये सगळ्या रेल्वे कंपन्यांना लागू असलेले प्रवासाचे नियम आहेत, 'नॅशनल रेल कंडिशन्स ऑफ ट्रॅव्हल' नावाचे. त्यातलं १४ वं कलम याच विषयावर आहे. एका प्रवासासाठी दोन किंवा जास्त तिकिटं वापरता येतात. अट एवढीच, की एक तिकीट संपून दुसरं जिथे सुरू होतं त्या स्टेशनावर तुमची गाडी थांबली पाहिजे. तुम्ही उतरायची गरज नाही, डबा बदलायची गरज नाही. गाडी थांबली की झालं.

तुम्ही लिहिलंय की कामासाठी अधूनमधून सकाळी लंडनहून ब्रिस्टलला जावं लागतं, भाडं स्वतःच्या खिशातून जातं आणि ऑफिसमधल्या कुणीतरी 'डिडकॉटला तोड' असं सांगितलं. त्यांनी खरंच कामाचं सांगितलंय. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनापासून ब्रिस्टल आणि मधे डिडकॉट पार्कवे स्टेशन, हे इथलं अगदी जुनं, घासून गुळगुळीत झालेलं उदाहरण आहे.

आपल्याला हे पटकन पटत नाही त्याला कारण आहे. भारतात अंतर वाढेल तसा किलोमीटरमागचा दर उतरत जातो, शिवाय प्रत्येक तिकिटाला आरक्षण शुल्क वेगळं. त्यामुळे मुंबई-नागपूरचं तिकीट भुसावळला तोडलं तर उलट जास्त पैसे जातात. ब्रिटनमध्ये भाड्याचा अंतराशी असा सरळ संबंधच उरलेला नाही. इथे स्टेशनांच्या प्रत्येक जोडीचं भाडं वेगळं ठरतं. १९९३ च्या कायद्यानंतर रेल्वेचं खासगीकरण झालं आणि कुठल्या जोडीचं भाडं कुठली कंपनी ठरवणार याची वाटणी झाली. लंडन-ब्रिस्टलचा आकडा ठरवताना लंडन-डिडकॉट आणि डिडकॉट-ब्रिस्टल यांची बेरीज जुळते की नाही हे बघायचं बंधन कुणावरच नाही. अशी साडेपाच कोटींच्या आसपास भाडी व्यवस्थेत आहेत, असं रेल्वे कंपन्यांची संघटनाच सांगत आली आहे. एवढ्या पसाऱ्यात बेरजा जुळणार तरी कशा?

त्यात सरकारी नियंत्रण अर्धवट आहे. पासांच्या किमती, लांब पल्ल्याची 'ऑफ-पीक' म्हणजे गर्दीची वेळ सोडून चालणारी परतीची तिकिटं, मोठ्या शहरांभोवतीची रोजच्या ये-जा करणाऱ्यांची काही तिकिटं यांच्या वाढीवर सरकारची मर्यादा असते. लांब पल्ल्याच्या 'एनीटाइम' तिकिटावर, म्हणजे कुठल्याही वेळी कुठल्याही गाडीनं जाता येतं त्या तिकिटावर, अशी मर्यादा नाही. म्हणून सकाळच्या गर्दीच्या वेळी लांबचं भाडं बेसुमार वाढलेलं दिसतं आणि त्याच मार्गातले छोटे तुकडे त्या मानानं आवाक्यात राहतात. ज्याला सकाळीच पोचायचं असतं, पर्याय नसतो, त्याच्याकडून सगळ्यात जास्त वसूल करायचं, ही पद्धत मला अन्यायाची वाटते. त्यामुळे तिकीट तोडण्यात कसलाही संकोच बाळगू नका.

आता डिडकॉटच का? एक तर लंडनच्या आसपासचं उपनगरी क्षेत्र पूर्वीपासून साधारण तिथे संपतं. आणि मुख्य गोष्ट म्हणजे वेळेचं बंधन प्रत्येक तिकिटाला वेगळं लागतं. लंडनहून सकाळी निघताना ऑफ-पीक तिकीट चालत नाही, म्हणून अख्ख्या प्रवासाचं एनीटाइम घ्यावं लागतं. पण डिडकॉटहून पुढच्या तिकिटाला लंडनची वेळ लागू नाही. गाडी डिडकॉटला पोचेपर्यंत तिथली गर्दीची वेळ संपली असेल, तर पुढचा तुकडा ऑफ-पीक दरात मिळतो. म्हणजे महागडं तिकीट फक्त पहिल्या पाऊण तासापुरतं. प्रत्येक तिकिटावर निर्बंधाचा एक कोड असतो, तो उघडून वाचा. कंटाळवाणं काम आहे, पण खरी बचत त्या दोन-चार ओळींतच असते.

हे शोधायला मी 'बीआर फेअर्स' ही साइट वापरतो. दोन स्टेशनांची नावं टाकली की त्या जोडीची सगळी भाडी आणि त्यांचे निर्बंध समोर येतात. आधी आपली गाडी कुठे कुठे थांबते ते वेळापत्रकात बघायचं, मग त्यातली मोठी जंक्शनं आणि जिथे कंपनीचं क्षेत्र बदलतं ती स्टेशनं तपासायची. तुमच्या मार्गावर रीडिंग, डिडकॉट, स्विंडन एवढी पाहिली तरी बहुतेक काम होतं. जाता-येता दोन्ही प्रवास असतील तर प्रत्येक तुकड्याचं परतीचं तिकीटही बघा. ऑफ-पीकमध्ये बऱ्याच ठिकाणी एकेरी आणि परतीचं यांत नाममात्रच फरक असतो.

एवढं करायला वेळ नसेल तर 'ट्रेनस्प्लिट'सारख्या साइट्स किंवा 'ट्रेनलाइन'चं ॲप हे आपोआप शोधून देतं. ते बचतीतला काही हिस्सा किंवा बुकिंग शुल्क घेतात, ते धरूनच हिशेब करा. कुठे तोडायचं हे कळल्यावर तीच तिकिटं एखाद्या रेल्वे कंपनीच्या स्वतःच्या साइटवर बुकिंग शुल्काशिवाय घेता येतात, आणि एका कंपनीच्या साइटवर दुसऱ्या कंपनीच्या गाड्यांचीही तिकिटं मिळतात.

आता घोटाळा कुठे होतो ते. लंडन-ब्रिस्टलच्या सगळ्या गाड्या डिडकॉटला थांबत नाहीत. काही रीडिंग सोडलं की थेट स्विंडन गाठतात. समजा तुमची नेहमीची गाडी चुकली आणि मागची तशी निघाली, तर तुमची दोन्ही तिकिटं खिशात असूनही त्या गाडीत ती चालणार नाहीत. टीसीनं नवं तिकीट काढायला लावलं तर त्याचं बरोबर असतं. दंड लावतात त्या ठिकाणी इंग्लंडमध्ये २०२३ पासून तो १०० पौंड आणि वर एकेरी भाडं असा आहे. २१ दिवसांत भरला तर १०० चे ५० होतात, तरी महिन्याभराची बचत त्यात जाते. म्हणून माझं ठाम मत असं आहे, की एका प्रवासाचे दोन, फार तर तीन तुकडे करावेत. ॲप कधीकधी पाच-सहा तुकडे सुचवतं. प्रत्येक तुकड्याबरोबर तुम्हाला चालणाऱ्या गाड्या कमी होत जातात, आणि एनीटाइम तिकिटाचे पैसे मोजतो ते मुळात गाडी निवडायच्या मोकळिकीसाठीच. दोन-चार पौंडांसाठी ती मोकळीक घालवू नका.

तिकिटांमध्ये फटही राहता कामा नये. पहिलं डिडकॉटपर्यंत आणि दुसरं स्विंडनपासून असेल, तर मधला भाग विनातिकीटच धरला जातो. तसंच लंडनमधून निघताना गेटवर बँकेचं कार्ड टेकवून आत जायचं आणि पुढचं कागदी तिकीट वापरायचं, असं गाडीत बसल्या बसल्या जमत नाही. कार्ड टेकवून आत गेलात तर मधे उतरून ते पुन्हा टेकवून बाहेर यावं लागतं. कागदी तिकीट किंवा मोबाइलवरचं ई-तिकीट यांना ही अडचण नाही.

पास असेल तर मात्र नियम सैल आहे. पासाची हद्द जिथे संपते तिथूनच पुढचं तिकीट घेतलं असेल, तर गाडी त्या स्टेशनावर थांबायचीही गरज नसते. लंडनच्या ठरावीक भागांत, म्हणजे झोनमध्ये, कितीही फिरू देणारं ट्रॅव्हलकार्ड असणाऱ्यांना याचा चांगला फायदा होतो.

ठरावीक गाडीचं 'ॲडव्हान्स' तिकीट तोडून घेतलंत तर दोन तुकड्यांना दोन वेगळ्या सीट मिळू शकतात. डिडकॉट आलं की वरची बॅग काढायची, जॅकेट उचलायचं, दोन डबे ओलांडून दुसरी सीट गाठायची, आणि तिथे कुणी बसलेलं असलं तर त्याला उठवायचं. नियमानं तुम्ही त्याच गाडीत आहात, एवढंच बघितलं जातं. डबा रिकामा असेल तर मी जागेवरच बसून राहतो, भरलेला असेल तर निमूट उठतो. टीसी आला की दोन्ही तिकिटं एकदम दाखवा. नुसतं पहिलं दाखवलं तर डिडकॉटनंतर तो पुन्हा येऊन विचारतो.

रेलकार्ड घेतलं नसेल तर ते आधी घ्या, तोडातोडी नंतर. वयानुसार, दोघांचं, कुटुंबाचं असे प्रकार आहेत, बहुतेक कार्डं वर्षाला ३५ पौंडांना मिळतात आणि भाड्यात एक तृतीयांश सूट देतात. ही सूट तुकड्यांच्या तिकिटांनाही लागते. पण काही कार्डांना गर्दीच्या वेळी किमान भाड्याची अट असते, आणि ती प्रत्येक तिकिटाला स्वतंत्र लागते. छोटे तुकडे केले की सूट हातातून निसटते ती इथे. उलट 'नेटवर्क रेलकार्ड' फक्त लंडन आणि आग्नेय इंग्लंडपुरतं चालतं. ब्रिस्टलच्या सलग तिकिटावर त्याचा उपयोग नाही, पण डिडकॉट त्याच्या हद्दीत येतं, त्यामुळे तिथे तोडलं तर पहिल्या तुकड्यावर सूट बसते. मात्र हे कार्ड सोमवार ते शुक्रवार सकाळी दहानंतरच चालतं, तेव्हा तुमच्या सकाळच्या गाडीला ते कामाचं नाही. शनिवार-रविवारी फिरायला जाल तेव्हा आठवा.

गाडी उशिरा आली तर काय, ही भीती बऱ्याच जणांना असते. एका प्रवासासाठी जोडून घेतलेली तिकिटं एकच प्रवास धरली जातात. गाडी बदलायला नियमानं ठरवलेला किमान वेळ ठेवला असेल आणि पहिल्या गाडीच्या उशिरामुळे पुढची चुकली, तर ॲडव्हान्स तिकीट असलं तरी पुढच्या गाडीनं जाऊ देतात. भरपाई मागताना सगळी तिकिटं एकाच अर्जाला जोडायची आणि शेवटच्या स्टेशनावर किती उशिरा पोचलो ते लिहायचं. फक्त एका तुकड्याचे पैसे देऊ केले तर तिथेच गप्प बसू नका. १४ व्या कलमाचा उल्लेख करून परत लिहा.

बेत रद्द होण्याची शक्यता असेल तेव्हा मात्र तोडू नका. ऑफ-पीक आणि एनीटाइम तिकिटांचा परतावा मिळतो, पण त्यासाठी दर तिकिटामागे पाच पौंडांपर्यंत शुल्क कापू शकतात. तीन तुकडे असले की ते तीनदा कापलं जाऊ शकतं. ॲडव्हान्सचे पैसे तर परत मिळतच नाहीत, फक्त आधी कळवून गाडी बदलता येते.