पर्यायी व्यायाम द्यावा, पण मूळ व्यायामाचे काम सांगून

नमस्कार. आपल्या गटात सतरा-अठरा वर्षांच्या वीस कबड्डीपटू मुली आहेत. काही लालबाग-परळच्या व्यायामशाळांत जातात, तर काही डोंबिवली-बदलापूरहून लोकलने येतात आणि वजनाचा व्यायाम घरीच करतात. अशा गटाच्या कार्यक्रमात प्रत्येक व्यायामापुढे पर्याय लिहावा का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते अवश्य लिहावा. मात्र तो प्रशिक्षकाने आधीच ठरवलेला असावा, आणि मूळ व्यायामाचे काम पुरे करणारा असावा.

सुरुवातीच्या काळात मी पायांच्या व्यायामाखाली पाच-सहा नावे लिहून ‘यांपैकी कोणताही एक’ अशी मोकळीक देत असे. एका चढाईपटूने संपूर्ण पावसाळा यंत्रावर बसून गुडघे सरळ करण्याचे लेग एक्स्टेन्शन निवडले, कारण संध्याकाळच्या गर्दीत तेवढेच यंत्र रिकामे असे. मांडीच्या पुढच्या स्नायूंना काम मिळाले, पण नितंब आणि मांडीच्या मागचे स्नायू उपाशी राहिले, आणि मैदानावर परतल्यावर खाली वाकलेल्या अवस्थेतून झटक्यात निघणे त्याला जड जाऊ लागले. त्यात त्या मुलाचा दोष नव्हता. बारबेल स्क्वॉट, म्हणजे खांद्यांवर वजनाचा दांडा घेऊन मारायची बैठक, कशासाठी आहे, हे मी त्याला कधी सांगितलेच नव्हते.

म्हणून आता मी प्रत्येक मुख्य व्यायामापुढे त्याचे काम एका ओळीत लिहितो आणि त्याखाली एक, फार तर दोन पर्याय देतो. रॅक (दांडा ठेवायची चौकट) नसेल तर बारबेल स्क्वॉटऐवजी मागचा पाय बाकावर ठेवून एका पायाची बैठक, हातांत डंबेल किंवा पाठीवर पुस्तकांनी भरलेली बॅग घेऊन. येथे किलोचा आकडा जसाच्या तसा उतरवू नये. प्रत्येक पायाची आठ आवर्तने अशा वजनाने करावीत की अजून दोनच नीट करता आली असती. दोन्ही पायांमुळे वेळ जवळपास दुप्पट लागतो, हेही धरून चालावे, नाहीतर शेवटची लोकल गाठायची असलेली मुलगी पुढचे व्यायाम गाळते. बेंच प्रेसला, म्हणजे बाकावर उताणे झोपून दांडा वर ढकलण्याला, जोर हा उत्तम पर्याय आहे. जोर काढताना हातांवर शरीराच्या वजनाच्या साधारण दोन-तृतीयांश भार येतो, तर गुडघे टेकले की तो शरीराच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास येतो. भार वाढवायचा असल्यास पाय खुर्चीवर ठेवावेत.

मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी मात्र मी फार जपून पर्याय देतो. तेथे स्नायूने लांबत असताना ताण पेलणे महत्त्वाचे असते, म्हणून गुडघ्यांवर उभे राहून शरीर सावकाश पुढे झुकवण्याच्या व्यायामात घोटे धरायला जोडीदार नसेल, तर उताणे झोपून, नितंब उचलून, टाचांखाली फडके घेऊन कोरड्या लादीवर पाय सावकाश पुढे सरकवत न्यावेत, आणि चार-पाच सेकंदांची ती उतरण्याची गती ठळक लिहावी. गती सुटली की व्यायामाचा मुख्य उद्देशच सुटतो.

पावसाळ्यात मैदान चिखलाचे झाले की इमारतीचे जिने चढणे हा आपल्याकडचा नेहमीचा तोडगा असतो. दम वाढवायला तो चांगला आहे, आणि चढाई ३० सेकंदांची असल्याने काम व विश्रांतीची वेळही त्याला जुळवून घेता येते. परंतु जिना चढताना वेगात थांबण्याचा आणि दिशा बदलण्याचा सराव होत नाही, तो कबड्डीत पदोपदी लागतो. त्यासाठी आठवड्यातून दोनदा तरी छताखाली, न घसरणाऱ्या जमिनीवर पाच-पाच मीटरच्या थांबून वळणाऱ्या धावा ठेवाव्यात.

दुखण्याची गोष्ट वेगळी आहे. सूज, पाय टाकताना कळ किंवा गुडघा अडकणे असे काही असल्यास पर्याय सुचवू नये. मुलीला डॉक्टरांकडे पाठवावे आणि पालकांशी त्याच दिवशी बोलावे. इतर वेळी कोणता पर्याय घेतला आणि का, हे तिने वहीत लिहावे. ‘रॅक रिकामा नव्हता’ हे कारण सलग तीन आठवडे दिसले, तर तिच्यासाठी तो पर्यायच मुख्य व्यायाम करावा, म्हणजे त्यातही वजन पद्धतशीर वाढवता येते. पकडीच्या तंत्राला मात्र मी पर्याय देत नाही, आणि चाचणीच्या आठवड्यात सर्वांकडून मूळ व्यायामच करून घेतो, नाहीतर मागच्या आकड्यांशी तुलनाच होत नाही.