रॉयल एनफील्डची इंटरसेप्टर 650 बाईक पुण्याहून पणजीला एका टाकीत जाईल का?

नाही जाणार. टाकी 13.7 लिटरची. 80-90च्या वेगाने लिटरला साधारण 25 धरलं तरी 340 किलोमीटर; पणजी साडेचारशेच्या आसपास. त्यात 120ने हाणलीत तर हवेचा विरोध 80च्या सव्वादोन पट होतो आणि ॲव्हरेज झोपतं. (साताऱ्यापुढे रस्ता मोकळा दिसला की ॲक्सिलरेटर पिळला जातोच, माझ्याकडूनही.) शेवटचे दोन लिटर हिशेबात धरू नका. घाटात पेट्रोल गेजच्या काड्या चढाला एक सांगतात, उताराला दुसरंच. मी कोल्हापूरला, 230च्या आसपास, टाकी फुल्ल करून ट्रिप मीटर शून्यावर आणतो. मग आंबोली उतरताना पंप शोधत बसावं लागत नाही. तसंही तोवर कंबर थांबा म्हणतेच.