जुलाब थांबले तरी मुलाला दूध का बाधतं? आणि यात किडनी कुठून आली?

तुमचा प्रश्न असा: जुलाब थांबून आठवडा झाला, तरी दूध प्यायलं की मुलाचं पोट फुगतं. ‘ब्रश बॉर्डर एन्झाइम्स’ गेली म्हणतात ती कुठे गेली, आणि किडनीतही तीच असतात का? मी डॉक्टर नाही, बायोकेमिस्ट्री शिकवते. तेवढ्यापुरतं सांगते.

लहान आतड्याच्या पेशींवर मखमलीसारखी लव असते, तीच ब्रश बॉर्डर. दुधातली साखर (लॅक्टोज) फोडणारं लॅक्टेज, नेहमीची साखर फोडणारं सुक्रेज ही एन्झाइम्स पाचकरसात सुटी फिरत नाहीत, या लवेतच रोवलेली असतात. पेशी झडली की तीही गेली. नव्या पेशी आतड्याच्या अस्तरावरच्या बोटांसारख्या उंचवट्यांच्या तळाशी जन्मतात आणि ३ ते ५ दिवसांत वर सरकत टोकाला पोचतात. लॅक्टेज पेशी पक्व झाल्यावरच अंगी येतं. म्हणून रोटाव्हायरसनं (मुलांना जुलाब लावणाऱ्या विषाणूनं) ही टोकं खरवडली की ते सगळ्यांत आधी जातं आणि परतायला सगळ्यांत उशीर लावतं. न फुटलेलं लॅक्टोज मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात. मग गॅस, गुडगुड, पातळ शी. दही बहुधा सोसतं, कारण विरजणातले जिवाणू आपलं लॅक्टेज सोबत आणतात. अंगावरचं दूध मात्र तोडू नका. पंधरवडा उलटूनही तसंच असेल किंवा वजन उतरत असेल, तर दाखवून घ्या. गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणाऱ्या सिलिअॅक आजारातही हीच लव झिजते.

काही औषधं तर या एन्झाइम्सना मुद्दाम अडवतात. मधुमेहातली अकार्बोज सुक्रेजला रोखते. माझ्या सासऱ्यांना ती इन्सुलिनच्या जोडीला होती. एकदा शुगर उतरली तेव्हा आम्ही चमचाभर साखर भरवली आणि वाट बघत बसलो. साखर फुटणार कशी? तिथे ग्लुकोज पावडरच हवी. (हे शिकवणाऱ्या बाईला तेव्हा आठवलं नाही!)

आता किडनी. गाळलेल्या पाण्यातून ग्लुकोज परत ओढणाऱ्या नळ्यांनाही अशीच लव असते, पण तिथे लॅक्टेज नसतं. जुलाबात किडनीला खरी भीती अंगातलं पाणी कमी होण्याची. किडनीतल्या लवेवर गॅमा-जीटी, अल्कलाइन फॉस्फटेज ही दुसरी एन्झाइम्स असतात. गॅमा-जीटी आपण लिव्हरच्या रिपोर्टवर वाचतो, पण शरीरात ते सर्वाधिक किडनीतच. फक्त तिथून सुटलं की रक्तात न जाता लघवीत उतरतं. जेंटामायसिन हे अँटिबायोटिक किडनीच्या नळ्यांना बाधलं, तर ही एन्झाइम्स लघवीत आधी वाढतात. किडनीचं काम तपासायला मोजतात ते रक्तातलं क्रिएटिनिन मागाहून हलतं.