खेळत नाही म्हणून मूल कच्चं राहतं का?

“मोठा मुलगा सामना हरला तरी तासाभरात नेहमीसारखा होतो. धाकट्याचे परीक्षेत दोन गुण गेले तरी दिवसभर खोलीचं दार बंद. मैदानावर रमलाच नाही म्हणून मनाने कच्चा राहिला का हो?” तेरा वर्षांच्या मुलाची आई विचारत होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

त्यांची शंका अगदीच निराधार नव्हती. खेळणाऱ्यांमध्ये बहिर्मुखता आणि भावनिक स्थैर्य सरासरीने थोडं जास्त आढळतं. पण मुळात धीट, मिसळणारी मुलंच मैदानाकडे वळतात आणि तिथे टिकतात. बुजरी लवकर गळतात. त्यामुळे सगळं श्रेय खेळाला देऊन चालत नाही. त्यात खेळाखेळातही फरक. अमेरिकेतल्या 9 ते 13 वर्षांच्या 11 हजारांहून अधिक मुलांचा एक अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. सांघिक खेळ खेळणाऱ्यांत चिंता-नैराश्याच्या तक्रारी न खेळणाऱ्यांपेक्षा कमी होत्या. फक्त वैयक्तिक खेळ खेळणाऱ्यांत मात्र जास्त. यातूनही कारण सिद्ध होत नाही, पण आई जरा थबकल्या. मोठा टेनिस खेळतो आणि सामन्याच्या आदल्या रात्री त्याला झोप लागत नाही, हे त्यांनी तेव्हा सांगितलं. घरात त्याची काळजी कुणालाच नव्हती!

धाकट्याबरोबर मी सोंगट्यांचा खेळ मांडला. बोलणं छान, डोकंही तल्लख. त्याची एक सोंगटी मेली आणि तो एकदम गप्प झाला. दुसरी मेली तसा “कंटाळा आला” म्हणत सोंगट्या डब्यात भरायला लागला. मी विचारलं, “मैदानावरून पण असाच उठून आलास का?” बऱ्याच वेळाने म्हणाला, “संघ पाडताना शेवटी मीच उरायचो. मग सर म्हणायचे, याला कुणीतरी घ्या रे.”

म्हणजे त्याला खेळाचा कंटाळा नव्हता. चारचौघांत नको असलेला ठरणं त्याला सोसवत नव्हतं, आणि परीक्षेचा निकालही त्याला तसाच वाटायचा. हरूनही पुन्हा डाव मांडायची सवय खेळातून लागू शकते, पण हरल्यावर हसं होणार नाही अशी जागा मिळाली तरच. आम्ही ती सवय सोंगट्यांवरच करत गेलो: राग आला तर म्हणायचं “राग आलाय”, पण डाव पुरा करायचा. काही आठवड्यांनी तो मावसभावाबरोबर बॅडमिंटन खेळू लागला, गुण न मोजता.

“आता संघात घालू का?” आईंनी विचारलं. मी म्हटलं, त्यालाच विचारा. तो नको म्हणाला, तरी अंगाला हालचाल हवीच. जागतिक आरोग्य संघटना या वयाला रोज सरासरी 60 मिनिटं सांगते. पोहणं, सायकल, नाच, काहीही चालेल. आणि पुढच्या वेळी मोठ्याला घेऊन या.