खोडीला उत्तर दे

प्रिय लेकी,

दोन वर्षांचा मुलगा दिवसभर कपाटे उपसतो, नळ सोडून ठेवतो, पण तोंडातून दोन-चार शब्दांपलीकडे काही निघत नाही. तेव्हा आधी शिस्त लावावी की आधी बोलते करावे, असे तू विचारले आहेस. ही दोन कामे वेगळी आहेत असे तुला कोणी सांगितले? त्याची खोडी हेच सध्या त्याचे बोलणे आहे, आणि बोलण्याला उत्तर द्यायचे असते.

मात्र सर्वांत आधी त्याची श्रवणचाचणी करून घे. दाराची बेल वाजली की तो धावतो, म्हणून त्याला नीट ऐकू येते असे समजू नकोस. कानाच्या पडद्यामागे द्रव साठला, तर मोठे आवाज पोहोचतात, पण बोलण्यातले बारीक ध्वनी पुसट होतात. ‘मुलगे उशिराच बोलतात’ हे ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. दोन वर्षांपर्यंत सुमारे 50 शब्द आणि दोन शब्दांची जोडणी आली नसेल, तर तपासणी करावी. अशी बरीच मुले पुढे बरोबरी गाठतात, पण कोणते मूल गाठेल हे आधी ठामपणे सांगता येत नाही. ‘थोडे थांबा’ या वडीलधाऱ्यांच्या सल्ल्यात आमच्या धाकट्याचे कितीतरी महिने गेले, याची खंत मला आजही आहे. आणि तुझा मुलगा बोट दाखवत नसेल, हाकेला वळत नसेल किंवा आलेले शब्द गमावत असेल, तर एक दिवसही न दवडता बालविकासतज्ज्ञांकडे जा.

आता खोडीकडे वळते. तो चमचा खाली टाकतो आणि तुझ्याकडे पाहतो. ते पाहणे म्हणजे प्रश्न आहे. तू रागावून चमचा उचलतेस आणि संवाद तिथेच संपतो. त्याऐवजी ‘पडला! चमचा पडला!’ असे म्हण आणि मग गप्प राहा. मनात दहा अंक मोजून होईपर्यंत गप्प राहा, कारण त्याची पाळी त्याला मिळाली पाहिजे. ‘म्हण चमचा, म्हण ना’ असा तगादा लावणे कृपा करून बंद कर. तो ‘पाणी’ म्हणाला तर तू ‘गार पाणी’ म्हण, एवढीच भर पुरे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये दोन वर्षांखालील मुलांना टीव्ही-मोबाइलचा पडदा नकोच आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांनाही दिवसाला तासाभरापेक्षा अधिक नको असे सांगितले. मला त्यातले मर्म असे वाटते की पडदा मुलाच्या उत्तरासाठी थांबत नाही.

मी मुलाला शेफारवते असे मला पुष्कळांनी ऐकवले. ते मला मान्य नव्हते आणि आजही नाही. विस्तवाकडे जाणारा हात मी घट्ट धरून थांबवत असे, पण ‘गरम आहे, हात भाजेल’ हे त्याच्या डोळ्यांत पाहून सांगितल्याशिवाय तो सोडत नसे. मुलाला अडवतानाही उत्तर देता येते, हे मी करून पाहिले आहे, म्हणूनच इतक्या हट्टाने लिहिते आहे. घरात दोन भाषा आहेत म्हणून एक सोडून देण्याचा तुमचा विचारही रद्द करा. दोन भाषांमुळे बोलण्याचा विकार होत नाही.

चाचणीची तारीख ठरली की कळव. सोबत आठवडाभराची एक नोंद पाठव, पण शब्द मोजलेली नको. त्याने कोणत्या खोडीने तुला बोलावले आणि तू काय उत्तर दिलेस, तेवढे लिही.

तुझी,
मावशी